नऊ लाखांचा रथ



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय. या अध्यायात तीन वल्ली आहेत. आपण रोज एक-दोन मंत्र घेऊन सावकाश पुढे सरकतो, पण आज तिन्ही वल्लींवरून एक चक्कर मारू. गेले आठ-दहा दिवस माझ्या डोक्यात एक गाडी आहे. घेऊ की नको, एवढाच विषय. आणि सकाळी पोथी उघडली की नचिकेत आणि यम त्याच गाडीबद्दल बोलतायत असं वाटतंय. म्हणून म्हटलं, आज ती गाडीच चिंतनाला घेऊ. तुमच्यातल्या कुणाची गाडी असेल, कुणाचा फोन, कुणाचं अजून काही. नाव बदला, बाकी सगळं तेच आहे.

आधी गाडीची माहिती. दोन दारांची जर्मन कूपे, टर्बो पेट्रोल, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर. वय १३ वर्षं, ७१ हजार किलोमीटर, मालक तिसरा. किंमत ९ लाख. एवढ्यात आज शोरूममधून बऱ्यापैकी हॅचबॅक येते, आणि ही नवी होती तेव्हा तिच्या किमतीत आमच्या भागात छोटा फ्लॅट आला असता. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे.

ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, स्कॅनर लावला, तासभर बघितली. इंजिन ऑइल खातंय. गिअरबॉक्स दोन क्लचचा आहे, म्हणजे एक क्लच एक-तीन-पाच सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा, आणि पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो. थंड असताना लोण्यासारखा चालतो, गरम झाला की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हिसका देतो. सस्पेन्शनचे बुश गेलेत. पुढच्या ब्रेक डिस्क झिजल्यात. टायर बाहेरून नवे दिसतात, पण टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे कोड होता २२१७. म्हणजे २०१७ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे, रबर संपलंय. शिवाय दोन वर्षांनी नोंदणीची १५ वर्षं पूर्ण होतात, मग फिटनेस आणि फेरनोंदणी.

मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडी स्वस्त आहे, पार्ट स्वस्त नाहीत. तुम्ही गाडी कितीला घेतली ते पार्टला माहीत नसतं."

खर्चाचा अंदाज निघाला कमीत कमी ३ लाख. गिअरबॉक्स उघडावा लागला तर साडेपाच. आजीच्या भाषेत चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आपल्या भाषेत टेक्निकल डेट. आधीच्या दोन मालकांनी जे काम पुढे ढकललं, ते व्याजासकट माझ्या बोर्डावर येणार.

माझी बाजूही सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले ११ लाख आहेत, म्हणजे हप्त्यासकट घराचे साधारण दहा महिने. सध्या आपल्या क्षेत्रात सोमवारी लॅपटॉप उघडेल की नाही याची कुणालाच खात्री नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सोसायटीत पार्किंग एकच, त्यामुळे आमची १२ वर्षांची हॅचबॅक विकावी लागणार. तिचे येतील २ लाख ४० हजार. एकूण १३ लाख ४०. गाडी आणि किमान दुरुस्ती मिळून १२. म्हणजे हातात उरतात १ लाख ४०. गिअरबॉक्स उघडला तर उलटे १ लाख १० हजार कमीच पडतात. घरात आम्ही तिघं, मी, बायको आणि गुडघे दुखणारी आई. कूपेच्या मागच्या सीटवर जेमतेम एक दप्तर बसतं.

तुम्ही म्हणाल, मग यात विचार काय करायचा? आकडे तर ओरडून सांगतायत. बरोबर आहे. पण आकडे कळल्याने इच्छा संपत असती तर उपनिषदं लिहायची गरजच पडली नसती. मला आकडे पहिल्या रात्री कळले. गाडी मात्र दहा दिवस डोक्यातून गेली नाही. चला तर पोथीकडे.

म्हाताऱ्या गायी

कठोपनिषदाची सुरुवात देवाने होत नाही, एका दानाने होते. नचिकेताचा बाप सर्वस्व देण्याचा यज्ञ करतोय. आणि देतोय काय, तर ज्यांचं दूध आटलंय, ज्या आता विणार नाहीत, अशा थकलेल्या गायी. नियमाने बघितलं तर दान झालं. मोजणी पूर्ण, यादीत गाय लिहिली, गाय दिली. पण लहान नचिकेताला ते बघवत नाही. असं दान करणाऱ्याला कुठली गती मिळणार, हा विचार त्याला टोचतो. आणि तो बापाला विचारतो, मग मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला.

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा घाईने ओलांडतो, कारण पुढे यम येणार असतो. मला यावेळी इथेच थांबावं लागलं. वाचताना पहिल्यांदा मला ती कूपे आठवली. बाहेरून पॉलिश, खाली कोरडं रबर. मालकाने ऑइलबद्दल विचारल्यावर सांगितलं होतं, "या इंजिनला एवढं नॉर्मल आहे." मनात म्हटलं, हा बघा, आटलेली गाय देतोय.

आणि मग दुसरी गाय आठवली. ती माझ्या दावणीला आहे.

आमची हॅचबॅक घ्यायला सोसायटीचे इस्त्रीवाले काका तीन महिन्यांपासून मागे लागलेत. त्यांना गावाकडे जायला हवी आहे, घाट उतरून पलीकडे. मी म्हटलं, मेकॅनिकला दाखवून घ्या. ते म्हणाले, "साहेब, तुमची वापरलेली गाडी, त्यात काय बघायचं?" आता त्या गाडीचं असं आहे की गावात ती छान चालते. पण लांब चढ लागला की तापमानाचा काटा वर सरकतो, आणि महिन्याभरात कूलंट थोडं कमी होतं. बहुधा हेड गॅस्केट. हे मला माहीत आहे, काकांना नाही. सांगितलं तर २ लाख ४० चे १ लाख ६० होतात.

बघा, इथे काय झालं. कूपेची इच्छा नसती तर हे ८० हजार म्हणजे फक्त ८० हजार होते. इच्छा आली आणि खरं बोलण्याला किंमत लागली. एक्सेलमधल्या त्या रकान्यात २ लाख ४० हा आकडा मी लिहिला होता, आणि तो आकडा खरा ठेवायचा तर मला गप्प बसावं लागणार होतं. खोटं बोलायचंही नाही, नुसतं गप्प. नचिकेताच्या बापानेही काही खोटं सांगितलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, एखादी इच्छा कशी आहे हे ओळखायला तिची किंमत बघू नका. ती तुम्हाला काय लपवायला सांगते ते बघा. पन्नास रुपयांची इच्छा लपवायला सांगू शकते आणि पन्नास लाखांची उघड्यावर उभी राहू शकते. ज्या इच्छेसाठी बायकोला दुरुस्तीचा 'कमीत कमी' आकडाच सांगावासा वाटतो, ज्या इच्छेसाठी काकांना घाटाबद्दल सांगावंसं वाटत नाही, ती इच्छा अजून आपल्या दारातही आलेली नसते आणि घरात तिचा कायदा सुरू झालेला असतो.

काकांना मी घाटाचं आणि कूलंटचं सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग असं करा, दुरुस्त करून ठेवा. पुढचं पुढे बघू." एवढंच.

तीन रात्री

नचिकेत यमाच्या घरी पोचतो तेव्हा यम घरी नाही. तीन रात्री तो पोरगा दारात उपाशी बसतो. यम परत येतो, पाहुणा उपाशी राहिला म्हणून ओशाळतो, आणि तीन रात्रींचे तीन वर देतो.

आपण वर लक्षात ठेवतो, रात्री विसरतो. पण हिशेब बघा, वर रात्रींचे आहेत. तो थांबला नसता तर काही मागायला मिळालंच नसतं.

विकणारा माणूस काय म्हणतो? "उद्या दुसरी पार्टी येतेय." सगळ्या बाजाराचं हे एकच वाक्य आहे. सेलचा घड्याळजी उलटा मोजत असतो, तोही हेच म्हणतो. आणि खरी गंमत अशी की जी गोष्ट तीन रात्री टिकत नाही, ती घेऊन आपण तीस वर्षांच्या शांतीची अपेक्षा करतो.

मी तीन रात्री घेतल्या. जाहिरात उघडायची नाही, त्या गाडीचे व्हिडिओ बघायचे नाहीत, मेकॅनिकला फोन नाही. उपवास म्हणा हवं तर. आषाढीला आपण साबुदाणा खाऊन उपवास करतो, त्यापेक्षा हा अवघड गेला. पहिल्या रात्री हात सारखा फोनकडे. दुसऱ्या रात्री कमी. तिसऱ्या रात्री एक वेगळाच प्रश्न वर आला, जो आधी गाडीच्या आवाजात ऐकू येत नव्हता. मला ही गाडी हवी कधीपासून झाली?

यमाची ऑफर

इथे आपण अध्यायाच्या मध्यावर येतो. पहिल्या वरात नचिकेत बापाचा राग शांत व्हावा म्हणून मागतो. दुसऱ्यात अग्नीची विद्या मागतो. यम दोन्ही देऊन टाकतो. तिसऱ्यात पोरगा विचारतो, माणूस मेल्यावर उरतो की नाही, ते मला सांग.

आणि यम उत्तर देत नाही. तो ऑफर देतो. मोठं आयुष्य घे, पुत्र-नातू घे, गुरं, हत्ती, सोनं, घोडे घे, राज्य घे, रथांसकट सुंदर स्त्रिया घे, वाद्यं घे. हे सगळं घे, मरणाबद्दल तेवढं विचारू नको.

मंडळी, क्रम नीट बघा. रथ कधी समोर येतो? मरणाचा प्रश्न विचारल्यावर.

फेब्रुवारीत आमच्या टीममधला एकजण गेला. एकोणचाळिसाव्या वर्षी, झोपेत. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही एकाच कॉलवर होतो, त्याने म्हटलं होतं की बाकीचं उद्या सकाळी बघतो. मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. आम्ही सगळे गेलो, दहा दिवस सुन्न होतो, मग स्प्रिंट सुरू झाला. तो विषय कुणी काढत नव्हतं. मीही नाही. आणि फोनमध्ये बघितलं तर गाड्यांच्या जाहिरातींचं पान मी पहिल्यांदा उघडलं होतं ते तो गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात.

मला उपनिषद इथे कळलं, थोडंसं. मनाने विचारला होता मरणाचा प्रश्न. उत्तर म्हणून समोर आला रथ, दोन दारांचा, लाल रंगाचा. आणि इतका चकचकीत की मूळ प्रश्न काय होता तेच विसरायला व्हावं.

मित्रांना विचारलं तर सगळे एकच बोलले. "अरे, आयुष्य छोटं आहे, घेऊन टाक." यात ते चुकीचं काही बोलत नाहीत. आयुष्य छोटं आहेच. पण ऐका, नचिकेतही नेमकं तेच म्हणतो. हे भोग उद्यापर्यंतचे, ते इंद्रियांचं तेजच झिजवतात, आणि तू देतोयस ते मोठ्यात मोठं आयुष्यही शेवटी अपुरंच. म्हणून तुझी वाहनं, तुझं नाचगाणं तुलाच लखलाभ. गृहीतक एकच, आयुष्य छोटं आहे. त्यावरून माझे मित्र निघाले शोरूमकडे, आणि नचिकेत निघाला प्रश्नाकडे. फरक बुद्धीचा नाही, भूक कशाची आहे याचा आहे.

आणखी एक बारकावा. नचिकेताने नकार दिला तो रथ महाग होते म्हणून नाही. त्याला तर फुकट मिळत होते, इंधनासकट. रथ वाईट आहेत असंही तो म्हणत नाही. त्याने नकार दिला कारण त्याने विचारलं होतं एक आणि मिळत होतं दुसरं. तुम्ही बग विचारला आणि कुणी तुम्हाला नवा मॉनिटर दिला तर तुम्ही काय म्हणाल? छान आहे मॉनिटर. पण बग?

श्रेय म्हणजे एसआयपी नव्हे

दुसऱ्या वल्लीत यम खूश होऊन शिकवायला लागतो आणि सुरुवात करतो श्रेय आणि प्रेय यांच्यापासून. एक हिताचं, एक आवडतं. दोन्ही माणसाकडे येतात, शहाणा निवडतो.

आपल्या पिढीत या मंत्राचं फार सोपं भाषांतर झालंय. गाडी म्हणजे प्रेय, एसआयपी म्हणजे श्रेय. पिझ्झा प्रेय, सॅलड श्रेय. तसं नाहीये. बँकेतले ११ लाख राखणं हा शहाणपणा आहे, पण त्याला श्रेय म्हणणं म्हणजे यमाला फायनान्शियल प्लॅनर करणं झालं. गल्ल्यावर बसून रात्री नोटा मोजणाराही प्रेयातच बसलेला असू शकतो, फक्त त्याचं प्रेय बँकेत आहे. यम ज्या श्रेयाबद्दल बोलतोय ते म्हणजे स्वतःचं खरं स्वरूप ओळखणं, जे मरत नाही ते ओळखणं.

तिथपर्यंत मी पोचलेलो नाही. पण दिशा कळते. जी निवड मला त्या प्रश्नाजवळ नेते ती श्रेयाकडची. जी मला तो प्रश्न विसरायला लावते ती दुसरीकडची. मग कधी गाडी न घेणंही पळवाट असू शकतं आणि घेणंही.

इथे आनंदावर अन्याय नको. पहाटे पाच वाजता ताम्हिणीच्या वळणांवर धुक्यातून एक चांगली गाडी चालवणं यात आनंद आहे, खरा आहे, आणि त्यात पाप शोधू नये. माझा एक मित्र आहे, त्याने अशीच जुनी कूपे घेतलीय. त्याच्या घरी रोजची गाडी वेगळी. दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला काढले, मग गाडी घेतली. बायकोला पूर्ण आकडा माहीत, मोठ्यात मोठा. रविवारी तो स्वतः खाली झोपून बुश बदलतो, मुलगी पाना हातात देते. पूर्वी सुतार रंध्याशी ज्या तल्लीनतेने बसायचे तसा तो बसतो. त्याने मला विचारलं असतं तर मी त्याला घे म्हणालो असतो. त्याच्या गाडीने त्याच्याकडून काही लपवून घेतलेलं नाही. गाडी तीच असू शकते, माणूस तिच्याकडे कुठून आला ते वेगळं.

रथ कोण हाकतोय

तिसऱ्या वल्लीत यम शेवटी रथ देतोच. पण वेगळा. हे शरीर रथ. इंद्रियं घोडे. मन म्हणजे लगाम. बुद्धी सारथी. विषय म्हणजे घोडे ज्यावर धावतात ते रस्ते. आणि आत बसलेला आत्मा, तो रथाचा मालक.

आपल्याला वाटतं, मी म्हणजे ड्रायव्हर. उपनिषद म्हणतं, तू मागे बसलेला आहेस. ड्रायव्हर बुद्धी आहे. तिला झोप लागली तर लगाम सैल, आणि मग घोडे ठरवतात कुठे जायचं. घोड्यांना मारून टाका असं मात्र यम कुठेही सांगत नाही. घोडे चांगले, तगडे हवेतच. फक्त लगाम कुणाच्या हातात आहे तेवढं बघा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी हीच उतरंड येते, इंद्रियांच्या वर मन, मनाच्या वर बुद्धी, बुद्धीच्या पलीकडे तो. आणि गीता ज्या जागी सांगितली ती जागाही रथच, सारथी साक्षात कृष्ण.

आता हॉर्सपॉवरचा हिशेब. द्रुतगती मार्गावर मोटारींना वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर, घाटात त्याहून कमी. माझ्या घरापासून ऑफिसपर्यंत सकाळी सरासरी वीसचाही वेग मिळत नाही. तिथे दोनशे घोडे नेऊन उभे करायचे. आणि जे पाच घोडे जन्मापासून माझ्या रथाला जुंपलेत त्यांची सर्व्हिस? डोळे रात्री एक वाजेपर्यंत स्क्रीनवर. जीभ कॅन्टीनमध्ये. गेली दोन वर्षं साधी रक्ततपासणी राहिलीय. जो सहकारी गेला त्यालाही छातीत जळजळ होत होती, अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी घेत होता, असं नंतर त्याच्या बायकोने सांगितलं. एका रथाचे बुश, डिस्क, टायरचा कोड मी तासभर उभं राहून तपासला. दुसऱ्या रथाचा लॉग कधी उघडून बघितला?

चौथ्या दिवशी सकाळी मी मालकाला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, किंमत कमी करू का? मी म्हटलं, किमतीचा प्रश्न नाही. मग तपासणीत जे निघालं ते सगळं त्यांना लिहून पाठवलं, गिअरबॉक्स गरम झाल्यावर काय करतो तेही, आणि पुढच्या माणसाला दाखवा अशी विनंती केली. दाखवतील की नाही ते त्यांचं.

हॅचबॅकचं गॅस्केट होतंय १८ हजारांत. गाडी सध्या आमच्याकडेच राहील, आई पुढच्या सीटवर नीट बसते.

खोटं कशाला सांगू, ती लाल गाडी अजून आठवते. वासना नाही म्हटल्याने मरत नाही. पण आता आठवली की तिच्या मागचा प्रश्नही आठवतो, आणि तो प्रश्न जास्त कामाचा आहे.

गेले दोन शनिवार आम्ही तिघं सहकाऱ्याच्या घरी जातोय. फार काही नाही, कागदपत्रं. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, ईडीएलआय विम्यासाठी ५-आयएफ. हा विमा पीएफसोबतच येतो, त्यासाठी आपल्या पगारातून वेगळं काही कापलं जात नाही, आणि त्यात ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. वहिनींना हे काहीच माहीत नव्हतं. त्याने ई-नॉमिनेशन केलेलं नव्हतं, म्हणून धावपळ वाढलीय. त्या घरात बसलं की मरण हा शब्द टाळता येत नाही. पहिल्या शनिवारी फार जड गेलं. दुसऱ्या शनिवारी त्यांच्या मुलाने गणित विचारलं. तिथे बसून मला नचिकेताचा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही.

आजचा अभ्यास

तीन गोष्टी, तीन वल्लींच्या.

एक. सध्या जी मोठी वस्तू घ्यायची मनात आहे तिच्यासाठी कुणापासून काय लपवावंसं वाटतंय ते कागदावर लिहा. काही नसेल तर आनंदाने पुढे जा. काही असेल तर आधी ते सांगून टाका, मग ठरवा. तुमची जुनी वस्तू विकत असाल तर ज्याला विकताय त्यालाही.

दोन. तीन रात्री थांबा. जाहिरात, रिव्ह्यू, व्हिडिओ, सगळं बंद. तिसऱ्या रात्री विचारा, ही इच्छा सुरू कधी झाली आणि त्याच्या थोडं आधी काय घडलं होतं.

तीन. आज झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पाठ ताठ करून बसा आणि रथाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. घोडे कुठे आहेत, लगाम कसा आहे, सारथी जागा आहे का. काही बदलायचं नाही, फक्त बघायचं. बघणारा जो आहे, त्याच्याबद्दलच यम पुढे बोलणार आहे.

आणि हो, पीएफच्या पोर्टलवर जाऊन ई-नॉमिनेशन आजच करून टाका. दहा-पंधरा मिनिटं लागतात. याला अध्यात्म म्हणा नाहीतर नका म्हणू.

उद्यापासून दुसरा अध्याय, पहिली वल्ली. इंद्रियांची तोंडं बाहेरच का उघडतात, हा तिथला पहिलाच विषय आहे. पोथी घेऊन बसा.

राम कृष्ण हरी.